आधी हात धू

टेकडीवर पाणी पहाटे साडेचारला येतं, पाऊण तास.
चार हंडे, दोन कळश्या, रंगाचा एक रिकामा डबा.
भांडुपला इतक्या वर संसार पाण्यानेच मोजतात.
त्या मार्गशीर्षात माझा हिशेब चुकायला लागला.
दुपारीच कळशी उपडी.
मी पडवळकाकूंवर संशय घेतला, मग नवऱ्यावर,
मग कळशीच्या बुडावर:
चिंचेने घासली, उन्हात धरून भोक शोधलं.

भोक नव्हतं.
रुजू पीत होती.
फुलपात्र, मग तांब्या, मग थेट कळशीला तोंड.
मोरीत जाऊन यायची आणि पुन्हा प्यायची.
सात वर्षांच्या पोरीला मी म्हणाले,
"घशात काय नळ बसवलायस?"
हे वाक्य मला अजून गिळता येत नाही.

अंथरूण ओलं व्हायला लागलं, तीन वर्षांची असताना थांबलं होतं ते.
सासूबाई कणकवलीहून फोनवर म्हणाल्या, दृष्ट काढ.
काढली.
मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागली,
मी खडूची रेघ ओढली.
मुंग्यांना कळलं होतं.

गणवेशाचा पट्टा दोन भोकं आत गेला.
बाई म्हणाल्या, वर्गात पेंगते, फळा धूसर दिसतो म्हणते.
काकू म्हणाल्या, उंची काढतेय पोर.
एकेकाचं ऐकलं तर सगळ्यांचंच पटत होतं.

आता वासाचं सांगते.
मी मुलुंडला पार्लरमध्ये नखं करते.
दिवसभर कापसाचा बोळा आणि जुना रंग पुसायचं ते गार, उडून जाणारं औषध.
घरी आलं तरी बोटं तशीच वासाची.
तिच्या तोंडाला तो वास यायला लागला
तेव्हा मला वाटलं, माझाच.
मी तिला कुशीत घ्यायची
आणि हात लांब धरायची.

मग एका रविवारी पोट दुखतंय म्हणाली, ओकली,
आणि बसल्या जागी धापा टाकायला लागली,
पायरीही न चढता.
दोनशे बारा पायऱ्या मी तिला पाठुंगळीला घेऊन उतरले.
तिचा श्वास मानेवर. खोल, घाईचा.
तेव्हा कळलं. माझे दोन्ही हात मागे होते,
आणि वास पुढून येत होता.

पालिकेच्या दवाखान्यातली शिकाऊ डॉक्टर, गोठणकर,
तिच्यावर वाकली, नाक जवळ नेलं,
माझ्याकडे न बघताच म्हणाली, "शुगर बघा आधी."
यंत्रावर आकडा आलाच नाही.
नुसतं 'हाय'.
म्हणजे खूप वर, मोजता येईना इतकी.
मी ते मराठीतच वाचलं.

याला दोन वर्षं झाली.
इन्सुलिन ओल्या फडक्याच्या मडक्यात असतं,
आणि पट्ट्यांची डबी देव्हाऱ्यात, कारण तिथे कुणी हात लावत नाही.
चिडली की मी भांडत नाही, आधी बोट मागते.
तिला याचा राग येतो. कधी ती नुसतीच चिडलेली असते.

काल रात्री पावणेदोनला,
"आई, पाणी."
आमच्या घरात हा शब्द आता साधा राहिलेला नाही.
दिवा लावला. तीनशे अठरा.
संध्याकाळी शेजारी बारसं होतं, पेढे तिने मोजले नव्हते, मीही नाही.
चिठ्ठीवर लिहिलंय तेवढं टोचलं.
मग तिच्या तोंडाशी वाकले,
तर डोळे न उघडताच, मोठ्या बाईच्या आवाजात:
"आई, आधी हात धू. मग हुंग."

तिचा तांब्या बाजूला काढला
आणि कळशीत होतं नव्हतं ते पाणी
राख चोळून, लिंबू चोळून
दोन्ही हातांवर ओतलं, कोपरापर्यंत.

मग हुंगलं.
झोपेचा वास. थोडा पेढ्याचा, वेलदोड्याचा.
तिने तांब्या संपवला, पालथं मनगट ओठांवरून फिरवलं.
दोन तासांनी परत बोट. तोवर झोपायचं नाही.
साडेचारला पाणी येणारच होतं.