दोन ते सहा

नारिनला जानेवारीत सगळंच गोठतं,
ओल्या केसांची बट, दाराची कडी, तोंडातली शिवी.
बाहेर उणे सत्तावीस.
आमच्या फ्रीजमध्ये दोन ते सहा.
गावातली सगळ्यात उबदार जागा, असं आम्ही म्हणतो
आणि हसत नाही.

बुरमाकान एजे पाचवीला गणित शिकवते.
मागे एकदा लग्नाच्या पंगतीतून उठून थेट आली,
मेंढीच्या शेपटीची चरबी ओरपून.
प्लाझ्मा ताकासारखा पांढुरका उतरला, टाकावा लागला.
तिनं ते मनाला लावून घेतलं, नापास झाल्यासारखं.
या खेपेला कोरा चहा, पाव,
हिमोग्लोबिन तेरा पूर्णांक एक.
शीर पहिल्या टोचणीत सापडली.
पिशवी मी हलवत राहिले, गुठळी धरू नये म्हणून.
घुसळायचं नसतं.
विरजणाचं भांडं सरकवावं, तेवढंच.

पिशवीत गेलं तरी ते जगत असतं.
साखर खातं, थकतं, पोटॅशियम गळू देतं,
गोबऱ्या पेशींना हळूहळू काटे फुटतात.
बेचाळीस दिवस.
पुढे कितीही लाल दिसो.

अकराव्या दिवशी कोचकोरहून फोन आला. बाळंतीण.
दोन पिशव्या, एक पेटी, तोक्तोसूनची जीप.

डोलोनच्या घाटात इंजिन बंद पडलं.
तोक्तोसून म्हणजे 'थांबो'.
आधीची तीन गेल्यावर आईनं ठेवलेलं नाव,
हा तरी राहावा म्हणून.
तो थांबला. आणि भ्याला, की रक्त गोठेल.
पेटी उघडून त्यानं एक पिशवी काढली,
कोटाच्या आत, सदऱ्याच्या आत, छातीशी धरली.
दुसरी मावली नाही.
ट्रक यायला तास लागला.

न मावलेली चार अंशांवर पोचली.
पेटी त्यासाठीच बनवलेली असते.
तेवढ्या एकीवर भागलं. बाई वाचली, मूलही.

सदऱ्याच्या आत तापमापक नसतो.
तो बोलला नसता तर कुणाला कळलं असतं?
पिशवी तशीच लाल होती, गार होती,
पेटीत परत ठेवलेली.
तो बोलला.
टोपी हातात घेऊन, बुटांवरचं बर्फ फरशीवर वितळत असताना,
म्हणाला, मी तिला ऊब दिली.

मी नोंद केली. पिवळ्या डब्याचं झाकण उघडलं.
लेबलवर एजेचा नंबर.

शुक्रवारी तिचा फोन.
कुणाला लागलं का गं?
हो म्हणणं सोपं होतं. मी नाही म्हटलं,
आणि का ते सगळं सांगितलं, सदऱ्यासकट.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, पुन्हा कधी?
मी बोटांवर दिवस मोजू लागले.
थांब, ती म्हणाली, सोळा एप्रिल.
त्या आठवड्यात भाचीचं लग्न आहे.
मी जेवणार नाही.