पावकी

सव्वीस टक्के, डॉक्टर म्हणाले.
म्हणजे पाव. पावाला वर एक.

पडद्यावर माझं हृदय पाहिलं,
ओल्या पोत्यासारखं रुंद, सैल,
आवळायचं मनात आणतं आणि राहून जातं.
"स्नायू ताणला गेलाय. पंप आहे असं समजा."
मला सांगतात पंप.
बावीस वर्षं हिद्दच्या गोदीत
जहाजांचे पंपच उघडले मी.
आधी व्हॉल्व्ह बंद,
मग फ्यूज काढून स्वतःच्या खिशात,
मग पान्याला हात.
हा चालू ठेवूनच दुरुस्त करायचा.
असलं काम मी अंगावर घेतलं नसतं.

सोमवार, बुधवार, दुपारी चार.
बाहेर सेहेचाळीस अंश, हवेला मीठ,
आत तळघरात पट्टे फिरतात
आणि माणसं आहेत तिथेच चालतात.
शिजी, कोट्टायमची, छातीला तारा चिकटवते.
भिंतीवर तक्ता : सहा ते वीस.
सहा म्हणजे नुसता बसलोय,
वीस म्हणजे आता पडतो.
"इनासभाई, कितना?"
"सात."
पाच मिनिटांनी, "कितना?"
"सात."
घाम हनुवटीवरून पट्ट्यावर पडतो,
पट्टा तो मागे घेऊन जातो.
"सात."
तिनं मशीन थांबवलं.
"तुमची नाडी पंधरा म्हणते.
दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

काय सांगू तिला.
टाकीत उतरताना फोरमन वरून ओरडायचा, ओके?
खालून जायचं ते ओकेच.
दर दोन वर्षांनी मेडिकल, शिक्का, पुढची दोन वर्षं.
दमलो हा शब्द
बॅगेत तळाशी, स्वेटरखाली ठेवलेला,
इथे कधी लागलाच नाही.

शेजारच्या पट्ट्यावर बू राशिद, मुहर्रकचे,
दिशदाशा गुडघ्यापर्यंत खोचून, पायात हिरवे बूट.
मशीन सुरू व्हायच्या आतच ओरडतात,
"अठरा! चहा आणा!"
सगळं तळघर हसतं.
एकदा बूट बांधता बांधता म्हणाले,
आमच्या घरात तिघांना हेच.
धाकटा एकोणीसचा होता, फुटबॉल खेळायचा.
काय होतंय विचारलं की म्हणायचा, काही नाही.
नाडी एका कानाची आत गेली होती,
ती दोनदा ओढूनही निघेना.
मी खाली बसलो. मी काढून दिली.

"बोलत चाला," शिजी म्हणते.
बोलता आलं पाहिजे,
गाता येऊ लागलं तर वेग वाढवायचा.
पण बोलू काय? आणि कोणाशी?
मग आगाशीच्या शाळेतलं तोंडात आलं :
एक पाव पाव,
दोन पाव अर्धा,
तीन पाव पाऊण,
चार पाव एक.
बू राशिदना वाटलं मी प्रार्थना म्हणतोय,
त्यांनी आवाज खाली आणला.
पाच पाव सव्वा,
सहा पाव दीड,
सात पाव
सात पाव
पावणे

इथे दम तुटला.
"कितना?"
तक्त्याकडे पाहिलं. आकडा तिथेच होता, रोजचा.
"तेरा," मी म्हणालो.
तिनं लिहून घेतलं. कोणी नोकरीवरून काढलं नाही.
वेग एक खूण कमी झाला, एवढंच.

तीन महिन्यांनी एकतीस.
पावाला वर सहा. पाऊण फार लांब आहे,
अर्धाही बहुतेक नाहीच.
पावकी मात्र आता दहापर्यंत जाते,
दहा पाव अडीच.
जड काम बंद, असं कागदावर आहे.
कागद कंपनीकडे आहे.
कंपनी अजून बोललेली नाही.

संध्याकाळी समुद्राच्या कडेनं चालतो,
सहा दिव्यांचे खांब, मग बाक.
सहाव्याशी रजीनाचा फोन येतो.
तिकडे कुकरची शिट्टी, मागे कोणीतरी भांडतंय.
"बरं आहे ना?"
"तेरा," माझ्या तोंडून निघून जातं.
"तेरा काय?"

बाकावर बसतो.
"थांब," म्हणतो, "श्वास घेऊ दे.
सांगतो. सहापासून सांगतो."