आदुली

मंगळवार आणि शुक्रवार
आशामतीकडं वस्तीची गाडी असते, जिंतूर डेपोची.
त्या दोन रात्री घर माझ्याकडं.
बाकी पाच दिवसांचं विचारू नका.

घर म्हणजे कुकर, खरकटं, स्वरांजलीचे अपूर्णांक,
नळाचं पाणी आठव्या दिवशी, पहाटे चारला, तेही नक्की नाही,
आणि मायची बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर,
हे मी दर वेळी विसरतो.

कुठल्या तरी थांब्यावरून तिचा निरोप येतो :
'दूध दीडच घ्या. गॅसला नंबर लावलाय. पीठ निळ्या डब्यात.'
तिकिटांचा हिशेब जुळवता जुळवता
घराचाही जुळवते ती,
सुट्ट्या नाण्यांचा वास लागलेल्या बोटांनी.

मी कुकरसोबत फुकट आलेल्या प्लास्टिकच्या मापानं तांदूळ घेतो.
माय भिंतीला टेकून बघत बसते. काही बोलत नाही.
ते न बोलणंच ऐकू येतं.

तिच्या हाताखाली अकरा माणसं होती, दोन गडी वेगळे.
शेणानं लिंपलेली कणगी
आणि पितळी आदुली, काठाला पोचा पडलेली.
त्या पोच्यामुळं किती दाणे कमी भरतात
हे एकट्या तिला ठाऊक.
दळणाची ज्वारी मोजून झाली की
एक मूठ ती मागं काढायची,
उतरंडीच्या तिसऱ्या मडक्यात.
अक्षर येत नव्हतं. चुलीमागं कोळशाच्या रेघा होत्या,
चारांवर पाचवी आडवी.
दिवाळीत भिंतीवर पोतेरं फिरायचं
तेवढी जागा सोडून.

बापाला वाटायचं, घर आपण चालवतो.
आठवडी बाजाराची पिशवी उंबऱ्यावर टेकवली
की त्याचं घर संपायचं.
माय भावाच्या मातीला गेली होती तेव्हा
मिठासाठी वाटी देऊन त्यानं मला
शेजारच्या सुंदरबाईकडं पाठवलं.
मीठ आमच्याच चुलीजवळ होतं, उजव्या कोनाड्यात,
तो रोज जिथं बसून जेवायचा
तिथून हातभर.

तिसऱ्या मडक्यातून काय काय निघालं :
थोरलीचं बाळंतपण,
माझी बारावीची फी,
आणि एकदा, कुणाला न सांगता,
परभणीहून मागवलेली एक जांभळी छत्री.
ती उघडलेली मी कधी पाहिली नाही.
विकली, दिली, की अजून कुठं आहे,
विचारलं तर हसते नुसती. दात नाहीत, तरी लबाड हसते.

काल मात्र मी विचारलंच :
माय, अकरा जणांत तू किती खायचीस?
'जे उरंल ते. ते काय मोजायचं असतंय व्हय?'
दाणा न् दाणा मोजणारी बाई
इतक्या सहज म्हणाली
की माझ्या हातातलं पीठ वाळून गेलं.

माझी भाकरी थापताना फाटते.
कडेला भेगा, मधे नकाशा.
पण काल एक फुगली. टम्म. कशी ते मलाही कळलं नाही.
तव्यावरून सरळ तिच्या ताटात टाकली,
वर कर्डईचं तेल, शेंगदाण्याची चटणी.
'जेव.'
'लेकरू जेवलं का?'
'तिचं होईल. तू जेव आधी.'
'राहू दे की जराशी. गार होऊ दे.
गरम खायची सवय न्हाई मला.'

शहात्तर वर्षं.
किती हजार भाकऱ्या या हातांवरून तव्यावर गेल्या
याच्या रेघा भिंतीवर नाहीत.

फोन वाजला. आशामती : 'जेवलात का सगळे?'
मी पिठाच्या अंगठ्यानं 'हो' लिहिलं,
मग ते पुसून 'माय बसलीय' लिहिलं,
आणि दुसरी भाकरी टाकली.
ती फाटली.

माय अजून थांबलेली,
वाफ जायची वाट बघत,
ताटाच्या कडेला दोन बोटं टेकवून,
पाहुण्यासारखी.