सातवं बटण

वजन आधी.
खोक्यावर लिहिलंय एकशे एकवीस ग्रॅम.
मी खोक्यांवर विश्वास ठेवत नाही,
मला पैसे मिळतात ते त्याचेच.
म्हणून माउस मुठीत धरून जिना उतरले.
आमच्या खालीच, रविवार पेठेत, तपनदांचा सोन्याचा काटा.
काचेच्या पेटीत बसला तो, काळा, शेपूट गुंडाळून,
शेजारी कुणाचं तरी मोडीत निघालेलं डोरलं.
एकशे एकवीस पूर्णांक चार.
‘घट नाही,’ तपनदा म्हणाले, ‘पण हॉलमार्क कुठंय?’

पोटाचं झाकण चुंबकाचं. टिच् करून निघतं.
आत पाच गोळ्या, साडेतीन-साडेतीन ग्रॅमच्या,
पुढं भरा, मागं भरा, अंगठ्याकडं झुकवा.
मी दोन मागं ठेवल्या, एक हरवली,
ती गादीखाली सापडेपर्यंत संध्याकाळ गेली.
गोळ्यांना डबी द्यायला हवी होती. लिहून ठेवते.

वेग सोळा हजारावर नेला
तर नुसता श्वास लागला तरी बाण पडद्याबाहेर.
चारशेवर आणला
तर शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून
स्कूटर काढावी, तसा.
मला मधला कुठलातरी मानवला,
आकडा सांगणार नाही, ज्याचा हात त्याला ठाऊक.

चार तास खेळले. एकोणीस वेळा मेले.
त्यातले अकरा माझ्या चुकीचे,
खरं तर उरलेलेही.
माउस निर्दोष.

पण हा कोरा नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं.
कंपनीचा नमुना, माझ्याआधी कुणाच्या तरी हाती राहिलेला.
डाव्या बटणावर एक गुळगुळीत टिकली,
तिथं माझं बोट पोचत नाही.
त्याचं लांब असणार.
पोटातल्या स्मृतीत पाच कप्पे. चार रिकामे.
पाचव्याला नाव: रात्रपाळी.

सातवं बटण अंगठ्याच्या टोकाशी,
चुकून लागेल अशा जागी. अर्धा गुण कापला.
आणि ते चुकून लागलंच.
माझ्या अर्ध्या परीक्षणात, ‘पकड उत्तम’ याच्या पुढं,
रोमन अक्षरांत, आपोआप:
जेव तू.
थांबू नकोस. आलोच.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.
या यंत्राला शब्दांसोबत वेळही पाठ होते,
टंकणारा जिथं थबकला तिथं तेही थबकतं.
‘जेव तू’ सलग,
मग जवळजवळ एक सेकंद काहीच नाही,
मग उरलेलं, घाईनं.
तो एक सेकंदसुद्धा दर रात्री तस्साच गेला असेल
हिंजवडीतून की खराडीतून, कोण जाणे,
आणि पलीकडं कुणीतरी ताटावर ताट झाकून
वाचलं असेल. किंवा न वाचताच ओळखलं असेल.

कंपनी म्हणते, हे बटण दोन कोटी वेळा दाबता येतं.
आत्तापर्यंत किती वेळा दाबलं गेलं, ते दाखवायची सोय नाही.
उणीव म्हणून नोंदवावी का, कळेना.

कुरिअरवाला पाचला येणार.
सूचना स्पष्ट आहे: परत पाठवण्याआधी
तळाच्या छिद्रात पिन खुपसून दहापर्यंत मोजा,
सगळं पुसलं जातं.
पिन तपनदांकडून आणली, मणी ओवायची.
ते म्हणाले, परत दे, विसरतेस तू.

गुण: दहापैकी साडेआठ.
सातव्या बटणाचा अर्धा कापला होता, तो परत दिला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं,
स्मृती टिकाऊ, वायर काढली तरी जात नाही.

सव्वाचार झालेत.
पिन अजून माझ्याकडंच आहे,
आणि परीक्षणातली ती ओळ खोडायची राहिलीय,
‘आलोच’च्या पुढं कर्सर
लुकलुकतो.