इतर

रास्ता पेठेतल्या हॉस्पिटलचा तिसरा मजला,
एसी बंद, खाली रिक्षांची वादावादी.
मी पडद्यावर माझा फॉर्म दाखवत होतो.
निदान, औषध, मात्रा, तपासणी,
ज्याला त्याला कोड, कोडाला रकाना.
सात वर्षं मी रुग्ण पाहिले,
नंतरची नऊ रकाने.

उजागरे सिस्टर शेवटच्या खुर्चीतून म्हणाल्या,
"अकरा नंबरचे बाबा कालपासून
भिंतीकडे तोंड करून पडून असतात.
हे कुठं भरू?"
'इतर'मध्ये, मी म्हणालो.
"त्यात अक्षरं किती मावतात?"
ऐंशी.

त्यांनी खिशातून डायरी काढली,
कुठल्याशा पतपेढीची, रबर लावलेली.
कूस बदलली. पाणी दोन घोट.
मुलगी आली, बोलली नाही.
डावी टाच लाल, बोट दाबलं तरी लालच.
पहाटे तीन चाळीस.

माझ्याकडे तीन चाळीसला
काहीच घडलेलं नाही.
माझ्या नोंदीत ती जखम
चार दिवसांनी जन्मते, कोडासकट.

"दोन ते चार तुमचा सर्व्हर बंद असतो ना,
बॅकअपला?"
तक्रार नव्हती आवाजात.
"तेव्हा वॉर्ड हिच्यावर चालतो."

फळ्यावर मीच सकाळी काढलेलं मोठं वर्तुळ,
आमच्या शास्त्राचं,
आणि पोटात एक लहानसं, त्यांचं.
मी मोठं पुसायला घेतलं,
तळव्याला निळी शाई.
लहानाचं काय करायचं
ते विचारायला वळलो, तर
खुर्ची रिकामी.
ड्युटी सुरू झाली होती.