अस्तर

छत्तीस वर्षं म्हापशाच्या बँकेत
मी चालणाऱ्या नोटा मोजल्या,
बोट ओल्या स्पंजावर टेकवत, मान वर न करता.
आता बंद पडलेल्या जमवतो.
"न चालणाऱ्या घ्यायला चालणाऱ्या मोजता,"
बायको म्हणते.
हिशेब तिचा बरोबर आहे.

रुपिया आहेत माझ्याकडे,
एस्कुद आहेत, ज्यांना गोव्यात
जेमतेम तीन वर्षांचं आयुष्य मिळालं,
मकावचा एक पताका,
तिमोरची एक, कोपरा वाळवीने नेलेली.
कुठलाही समुद्र असो, बँक एकच, शिक्क्यात गलबत एकच.
एकीवर लिहिलंय : धारकास देऊ.
धारक मी.
मागू कुणाकडे?

शुक्रवारच्या बाजारात, चोरिसांच्या माळा टांगतात तिथे,
काकणवाल्या पोदेराने सांगितलं :
शिवोलीत एर्मेलिंदा मावशीकडे
आफ्रिकेचे पैसे आहेत म्हणे.

घराला बाल्कांव, बाल्कांवाशेजारून जिना.
चौदा पायऱ्या चढून जिना संपतो,
वर मजला नाही.
तिथे ती कोकमं वाळत घालते.

तिने पेटी आणली नाही, डबा आणला नाही.
कोट आणला.
काळा, जाड, खांद्याशी विटलेला.

बैरा शहरात बेर्नाबे शिंपी होता.
परतताना पैसे नेऊ देत नव्हते,
म्हणून त्याने रात्री बसून
मजला अस्तरात शिवला.
मग ऐन मे महिन्यात, कोटाची सगळी बटणं लावून,
म्हापशाच्या स्टँडवर उतरला.
"गांव हांसलो रे बाब," ती म्हणाली, आणि तीही हसली.

डाव्या बाजूची एकच नोट उसवून
तो विचारायला बँकेत गेला होता.
काउंटरवरच्या माणसाने वर न बघता
ती परत सरकवली.
त्यानंतर कोट त्याने घातला नाही.
उसवलाही नाही.

कुठली बँक, मी विचारलं.
तिने माझ्याच बँकेचं नाव सांगितलं.
साल शहात्तर.
दोन नंबरच्या खिडकीत तेव्हा मी होतो,
नवा, इस्त्रीचा शर्ट घातलेला.
मला तो आठवत नाही.
असे पुष्कळ यायचे,
आफ्रिकेहून, हातात काहीतरी घट्ट धरून.

हे मी तिला सांगितलं नाही.
सगळा कोट मागितला. दिला नाही.
तिने उजव्या बाजूवर तळवा फिरवला,
आतून कागद कुरकुरले,
सुकी पानं चाळवावीत तसे.
"ही अजून त्याची शिवण," म्हणाली.
ती सुटी नोट मात्र दिली.
मी मागितली त्याहून जास्त किंमत दिली,
तिने मोजून घेतली, दोनदा,
एक फाटकी परत केली.

रात्री टेबलाच्या दिव्याखाली धरली.
कडेने सुईची भोकं, एकोणीस,
सारख्या अंतरावर, रेघ कुठेही न सोडलेली.
भोकांनी किंमत पडते, कॅटलॉग सांगतं,
निम्म्याहून खाली.

वहीत लिहिलं :
मोझांबिक, हजार एस्कुद, शिवोली.
कुणाकडून, त्या रकान्यात तिचं नाव.
त्याच्या आधी कुणाच्या हातातून, असा रकाना
माझ्या वहीत नाही.
दर्जाच्या जागी थांबलो बराच वेळ.
बायको दोनदा दिवा घालवायला सांगून गेली.
मग लिहिलं :
टाके सरळ.