डावा खांदा

बर्नबीत, जुन्या मासळीच्या गोदामात
आमचा परग्रह आहे.
हीटर लागले की भिंतींतून अजून सॅमनचा वास सुटतो,
परग्रहावर तो चालून जातो.

माझं काम वहीचं.
कुठल्या शॉटमध्ये कप किती भरलेला,
कॉलर आत की बाहेर,
आणि चौथ्या भागापासून: जखम कुठे.

तो रूपं बदलतो. एकटाच आहे,
पण त्याला सहा नट लागतात, एक कुत्री,
आणि तारांवर हलणारा सीगल.
चौथ्या भागात गोळी लागली, डाव्या खांद्यात.
तेव्हापासून मी ती जखम सांभाळते
शेजारणीचं तान्हं सांभाळावं तशी.
म्हातारीच्या शालीखाली ओल,
पोराच्या शर्टावर डाग, रुपयाएवढा नाही, बटणाएवढा,
कुत्रीचे पुढच्या डाव्या पायावरचे केस चिकटवलेले,
सीगलला दोन पिसं कमी.

सोमवारी नवा लेखक आला, अन्सेल हुर्टुबीज.
चोवीस वर्षांचा, बूट कोरडे.
म्हणाला, काहीही होता येतं ना याला?
मग बरा का होत नाही?

निर्माती म्हणाली, मग भाग अकरा मिनिटांत संपेल.
भौतिकशास्त्राचे सल्लागार सँडविच खाली ठेवून म्हणाले,
ऐंशी किलो म्हणजे ऐंशी किलो.
सगळी सोंगं आणता येतात, वजनाचं नाही.
खरं तर तुमचा सीगल उडूच नये,
कठड्यावरून धप्पकन पडावा.
सगळे हसले. सीगलवाला सोडून.

लेस्टर पेल्की काही बोलला नाही.
मूळ रूप त्याचं. वय एकसष्ट,
उजवा गुडघा हॉकीत गेलेला, प्रिन्स जॉर्जला, कधीकाळी.
संध्याकाळी गळ्यावरचं रबर सोलता सोलता
आरशातल्या अन्सेलला म्हणाला,
गुडघा वाकायला हवा असेल
तर दुखणाराच घ्यावा लागतो, बाळा.
दुसरा मिळत नाही. मी चौकशी केलीय.

मी ब्रश धूत होते. माझं कामही नव्हतं ते.
मनात आलं, हात व्हायचं तर कातडं हवं,
आणि कातडं म्हणजे तरी काय,
आपण जिथे संपतो ती कड.
जे कुठेतरी संपतं
त्याला सुरी कुठे लावायची ते कळतं.
कुरवाळायचं कुठे, तेही तिथेच.
हे वहीत लिहिलं नाही. वहीत रकाना नाही.

रविवारी विनिफ्रेडचा फोन.
कुत्री तिची. टॉफी.
बागेत, कॅमेरा नाही, बिस्किट नाही,
तरी लंगडतेय म्हणाली.
डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत,
काटा नाही, सूज नाही.
कुठला पाय, मी विचारलं,
आणि तिने सांगायच्या आत
पेनाचं टोपण काढलं.